आपल्या भागातल्या बातम्या आपोआप कॉम्प्युटरवर कशा मिळवायच्या?

प्रश्न: मंडळी, मला फक्त माझ्या भागातलं हवंय, पाणी कधी बंद, रस्ता कुठे खोदलाय, वादळाचा इशारा वगैरे, दिवसभर कॉम्प्युटरवरच असतो पण त्यासाठी ढीगभर साइट उघडत बसायला वेळ नाही. काही सोय आहे का?

उत्तर १: गुगल अलर्ट्स लावा, फुकट आहे, तुम्ही दिलेले शब्द कुठे नव्याने आले की गुगल मेल पाठवतं. गावाचं नाव अवतरणचिन्हात आणि सोबत पाणीपुरवठा वगैरे एखादा शब्द. त्याच नावाचं दुसरं गाव मधे येत असेल तर तिथल्या राज्याच्या नावाआधी वजाचं चिन्ह टाका, बराच कचरा जातो. मेल दिवसातून एकदाच येईल असं सेट करा.

उत्तर २: मी आरएसएसच म्हणेन, म्हणजे साइटवर नवीन काही आलं की त्याची यादी (फीड) आपोआप तुमच्याकडे येते. २०१३ मधे फीड वाचायचं गुगल रीडर बंद झालं तेव्हा लोकांना वाटलं संपलं सगळं, पण फीडली आहे, इनोरीडर आहे, आणि मेलसाठी थंडरबर्ड हा प्रोग्राम वापरत असाल तर त्यातच फीड वाचता येतात. गुगल अलर्टसुद्धा मेलऐवजी फीड म्हणून घेता येतो. काय दिसायचं ते तुम्ही ठरवता, साइट नाही, मला हे फार मोलाचं वाटतं.

उत्तर ३: सगळं बरोबर, पण वादळ-पुरासाठी यावर विसंबू नका प्लीज. बातमी आधी छापून येणार, मग गुगल ती पकडणार, तोवर उशीर झालेला असतो. हवामान खात्याचे इशारे थेट घ्या आणि फोनवरचे आपत्कालीन अलर्ट चालू ठेवा, रात्री कॉम्प्युटर बंदच असतो ना.

प्रश्नकर्ता: थंडरबर्ड आहेच माझ्याकडे, आजच फीड टाकतो. फोनची सेटिंगही बघतो.