कालवा फुटल्यास शेजारची जागा सरकारला घेता येते का?

ताई (बी विंग): काकांनी काल लिहिले की कालव्याला भगदाड पडले, तर सरकार लगतची कोणतीही जागा तत्काळ ताब्यात घेऊ शकते. हे कोणत्या कायद्याने आणि जागा परत मिळते का, हे कृपया कोणीतरी नेमके सांगावे.

सचिव: ताई, जागेत शिरणे, ती काही काळ वापरणे आणि ती कायमची घेणे या तिन्ही गोष्टींना आपण ‘ताबा’ म्हणतो, म्हणून घोळ होतो. उत्तर भारतासाठी केलेल्या 1873 च्या कालवा व जलनिस्सारण कायद्याचे कलम 15 पाहा : कालव्याला अपघात झाला किंवा होण्याची भीती असली, तर अधिकाऱ्याला लगतच्या जमिनीत जाऊन आवश्यक ती कामे करता येतात; मात्र त्याने नुकसानीची भरपाई देऊ करावी आणि ती नाकारली गेल्यास प्रकरण जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवावे. मालकी बदलत नाही.

आपत्ती व्यवस्थापन कायदा, 2005 च्या कलम 65 नुसार साधनसामग्री, वाहने आणि जागा (जमीन किंवा इमारत) लेखी आदेशाने अधिग्रहित करता येतात, म्हणजे काही काळ वापरायला घेता येतात, पण जागा केवळ बचावकार्यासाठी आणि गरज असेपर्यंतच. कलम 66 प्रमाणे त्याचे भाडेही द्यावे लागते.

काका (ए विंग): मालमत्तेचा हक्क 1978 च्या घटनादुरुस्तीनेच मूलभूत हक्कांतून वगळला गेला. शिवाय 2013 च्या भूसंपादन कायद्यात तातडीचे कलम आहेच.

सचिव: वगळला, काका, तरी राज्यघटनेच्या अनुच्छेद 300-अ प्रमाणे कायद्याच्या आधाराविना मालमत्ता काढून घेता येत नाही. तातडीच्या कलम 40 मध्येही कलम 21 ची (सरकार ताबा घेणार असल्याची) नोटीस प्रसिद्ध झाल्यावर 30 दिवस जावे लागतात, ताब्यापूर्वी अंदाजित मोबदल्याच्या 80 टक्के रक्कम द्यावी लागते आणि पुढे सामान्यतः 75 टक्के जादा मोबदला मिळतो. भगदाड काही 30 दिवस थांबत नाही! त्यामुळे हे कलम फार तर नंतर भराव रुंद करायला उपयोगी. त्या रात्रीच्या दुरुस्तीला नव्हे.

ताई (बी विंग): म्हणजे दुरुस्तीचे यंत्र आपल्या फाटकाशी आले, तर आदेश मागायचा का?

सचिव: अवश्य मागावा, पण पाणी चढत असताना फाटक अडवून नव्हे. कुंपण पाडण्याआधीची छायाचित्रे काढून ठेवावीत आणि पंचनाम्यातील मोजमापे वाचल्याशिवाय त्यावर सही करू नये, कारण भरपाईचा वाद पुढे त्याच कागदावर चालतो.