जपानी लाकडी छोटं देवघर घेतलंय, आत कोण देव आहे?

चहाबाज_ओसाका: क्योतोच्या तोजी मंदिरात दर २१ तारखेला बाजार भरतो ना, तिथून घेतलं. वीतभर उंच, बाहेरून काळं लॅकर, दोन दारं, आत सगळं सोनेरी. मूर्ती म्हणजे गुबगुबीत हसरा बाबा, पाठीवर झोळी, हातात हातोडी, दोन पोत्यांवर उभा. बायको म्हणते देव्हाऱ्याशेजारी ठेवू, सासूबाई फोनवरून म्हणतात अनोळखी देव घरात नको. कोण आहे हा? आणि दारं उघडी ठेवायची का बंद?

मुळा_मुठा: दाइकोकुतेन रे! पोती तांदळाची. सासूबाईंना सांग आपला महाकालच आहे, बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे तिकडे पोचला, स्वयंपाकघर सांभाळायला लागला, मग शिंतो या जपानच्या मूळ धर्मातल्या ओकुनिनुशी देवात मिसळला आणि पार हसरा होऊन बसला. पायाशी उंदीर आहे का बघ, त्याचाच असतो.

कोबेची_काकू: या पेटीला झुशी म्हणतात, आणि आत कोणीही असू शकतो. हातात बिवा, म्हणजे वीणेसारखं तंतुवाद्य, असेल तर बेंझाइतेन, म्हणजे सरस्वती. चिलखत आणि तळहातावर छोटा स्तूप असेल तर बिशामोन्तेन, आपला कुबेर. तलवार, दोर आणि मागे ज्वाळा असतील तर फुदो म्योओ, म्हणजे अचल. पण सगळ्यात देखणी झुशी माझ्या मते कोयासान या बौद्ध मठांच्या डोंगरावरची, चंदनाची, जेमतेम २३ सेंमी, तीन भागांत उघडते, मधोमध शाक्यमुनी. कूकाई या बौद्ध भिक्षूने ८०६ साली चीनहून आणली असं मानतात. एवढ्याशा लाकडात किती माणसं कोरलीयत बघून वेड लागतं.

दारामागचा: दारांचं देवावर अवलंबून आहे. गणपती तिकडे कांगितेन, बहुतेक वेळा दोन हत्तीमुखी देव मिठी मारलेले, आणि तो कायम बंद दाराआडच. तोक्योत असाकुसाजवळ मात्सुचियामा शोदेन या त्याच्या मंदिरात लोक मुळा (भाजीतला) वाहतात पण मूर्ती दिसत नाही. नागानोच्या झेनकोजी मंदिरात तर मुख्य मूर्ती कोणालाच दाखवत नाहीत, ठरावीक वर्षांनी दर्शन होतं ते तिच्या प्रतिकृतीचं. दाइकोकुला असलं सोवळं नाही, खुशाल उघड.

चहाबाज_ओसाका: उंदीर आहे!! डाव्या पोत्याखाली, धुळीत दिसलाच नव्हता. ओल्या फडक्याने पुसू ना?

कोबेची_काकू: अजिबात नको, सोन्याचा वर्ख निघेल. मऊ कोरडा ब्रश घे. उदबत्ती पण बाहेर लाव, आत काजळी धरते. आणि एसीच्या झोतात ठेवू नको, लाकूड आकसलं की दारं अडकतात.

चहाबाज_ओसाका: ओके काकू. हातोडी जरा हलतेय, गोंदाने चिकटवू?

कोबेची_काकू: थांब!! बुत्सुदान, म्हणजे घरातले बौद्ध देव्हारे, दुरुस्त करणाऱ्या दुकानात दाखव आधी.