डिग म्हणतो असं नावच नाही, पण रेकॉर्ड तर मी स्वतः घातलाय

उलटा_खिळा · रात्री 10:52

नमस्कार. मी मुद्रितशोधक आहे, सर्व्हर हा माझा प्रांत नव्हे. पण एका छोट्या संस्थेची साइट "तुला त्यातलं कळतं" एवढ्याच भांडवलावर माझ्या गळ्यात पडली आहे.

साइट नव्या सर्व्हरवर हलवली, ती नीट चालतेय. आज मेल हलवायला घेतली. खरं डोमेन इथे देत नाही, एक्झाम्पल.कॉम समजा. पॅनेलमध्ये दोन रेकॉर्ड घातले, घड्याळ बघून 10:12 ला. एक मेल.एक्झाम्पल.कॉम चा ए रेकॉर्ड (नावापुढे सर्व्हरचा पत्ता), दुसरा डोमेनचा एमएक्स (मेल कोणत्या सर्व्हरकडे द्यायची ते), त्यात हेच मेलचं नाव लिहिलं.

आता टर्मिनलमध्ये "डिग मेल.एक्झाम्पल.कॉम" केलं (डिग ही नावाचे रेकॉर्ड विचारायची आज्ञा) की स्टेटस येतं एनएक्सडोमेन, म्हणजे असं नावच नाही. आन्सर सेक्शन नाहीच. त्याऐवजी ऑथॉरिटी सेक्शनमध्ये एसओएची (डोमेनच्या मूळ नोंदीची) एक लांबलचक ओळ. म्हणजे विचारावं एक आणि सांगावं भलतंच. त्या ओळीत नावापुढे आत्ता 7412 आहे, परत विचारलं की कमी झालेला असतो. सगळ्यात शेवटचा आकडा 10800, तो मात्र जागचा हलत नाही. "@8.8.8.8" लावून, म्हणजे गूगलच्या सार्वजनिक सर्व्हरला, विचारलं तर कधी पत्ता येतो, कधी पुन्हा एनएक्सडोमेन. दोन मिनिटांत तीनदा मत बदललं त्याने.

एमएक्स विचारला तर दिसतो, त्यामुळे तो बरोबर धरून चालले आहे. तरीही चाचणीची मेल परत आली.

होस्टिंगवाल्यांच्या मदत केंद्राने "24 तास थांबा" सांगितलं आहे. तेवढं सोडून काहीही सांगा. (आणि या आउटपुटमध्ये अर्धविरामांचा एवढा सडा कशासाठी? डोळ्यांना फार टोचतो.)

गाठोडं · रात्री 11:01

सरळ "डिग एक्झाम्पल.कॉम एनी" करा. सगळे रेकॉर्ड एकदम दिसतील, एकेक विचारत बसायला नको.

पोर्ट_त्रेपन्न · रात्री 11:09

एनीचे दिवस गेले हो. बरेच सर्व्हर आता त्याला पूर्ण उत्तर देत नाहीत, एखादी नाममात्र एचइन्फो ओळ हातावर ठेवतात. 2019 च्या आरएफसी 8482 मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटची नियमपत्रं) तशी मुभाच आहे. शिवाय एनीने मेल.एक्झाम्पल.कॉम या वेगळ्या नावाबद्दल काही कळणार नाही.

उलटा_खिळा, तुमचं उत्तर तुमच्याच आकड्यांत आहे. 10800 मधून 7412 वजा करा. उरले 3388 सेकंद, म्हणजे साधारण 56 मिनिटं. तुम्ही 10:52 ला लिहिलंत, म्हणजे या नावाची चौकशी 9:56 च्या सुमारास झाली. रेकॉर्ड घातलात 10:12 ला. त्याआधी एकदा "बघू तरी आहे का" म्हणून डिग केलं होतंत ना?

तेव्हा नाव खरोखरच नव्हतं. तुमच्या रिझॉल्व्हरने (तुमच्या वतीने नावं शोधणाऱ्या सर्व्हरने) नेमसर्व्हरला (डोमेनच्या नोंदी ठेवणाऱ्या सर्व्हरला) विचारलं, "नाही" हे उत्तर मिळालं आणि ते त्याने जपून ठेवलं. आहे ते लक्षात राहतं तसं नाही तेही लक्षात राहतं, 1998 च्या आरएफसी 2308 मध्ये हा सगळा हिशेब आहे. किती वेळ ठेवायचं ते एसओएच्या ओळीतल्या शेवटच्या आकड्यावरून ठरतं (ओळीचा स्वतःचा टीटीएल, म्हणजे ती किती सेकंद जपायची तो आकडा, त्याहून कमी असेल तर त्यावरून). म्हणून नकारासोबत एसओए येतो. तो भलतं सांगत नव्हता, हा नकार अजून किती वेळ टिकणार ते सांगत होता. 7412 सेकंद म्हणजे 12:56 पर्यंत.

8.8.8.8 चं मत बदलत नाही. त्या एका पत्त्यामागे पुष्कळ मशीन आहेत आणि सगळ्यांची कॅश (जपून ठेवलेली उत्तरं) एक नाही. एकाने तुमचा जुना नकार धरून ठेवलाय, दुसऱ्याने पहिल्यांदा विचारलं तेच 10:12 नंतर.

यापुढे रेकॉर्ड घातल्यावर पहिला प्रश्न मालकालाच विचारा. आधी "डिग एक्झाम्पल.कॉम एनएस +शॉर्ट" करून नेमसर्व्हरांची नावं घ्या, मग त्यातलं एकेक @ लावून त्यालाच नाव विचारा. फ्लॅग्जच्या ओळीत "एए" दिसलं की ते उत्तर कॅशमधलं नाही, मूळ प्रतीतलं आहे. सगळे नेमसर्व्हर विचारा, एकावर थांबू नका. एखादा मागच्या आवृत्तीवर अडकलेला असू शकतो. ते एसओएमधल्या सीरियल नंबरावरून कळतं.

अर्धविरामांचं असं आहे: डिगचं आउटपुट झोन फाइलच्याच (डोमेनच्या सगळ्या रेकॉर्डांच्या फाइलच्याच) लिपीत असतं आणि तिथे अर्धविरामाने टिप्पणी सुरू होते. अर्धविराम नसलेली ओळ तेवढी संहिता, बाकी समास. "+नोऑल +आन्सर" लावलंत तर समास छापलाच जाणार नाही, पण एसओएची ओळही गळेल, आणि आज तुम्हाला तिनेच वाचवलं.

मध्यरात्रीचा_क्रॉन · रात्री 11:16

एमएक्स "दिसतो" म्हणजे काय दिसतो? ओळ जशीच्या तशी चिकटवा.

उलटा_खिळा · रात्री 11:31

9:56 चं खरं आहे. चहा ठेवता ठेवता एकदा करून पाहिलं होतं. आपण नुसतं बघितलं तरी त्याची नोंद राहते हे डोक्यातच नव्हतं. नेमसर्व्हर दोन निघाले, दोघांकडे एए आहे आणि दोघंही नवा पत्ता बरोबर देतात.

एमएक्सची ओळ:

एक्झाम्पल.कॉम. 86400 आयएन एमएक्स 10 मेल.एक्झाम्पल.कॉम.एक्झाम्पल.कॉम.

चिकटवल्यावर दिसलं. शब्द दोनदा पडलाय. मुद्रितात ही चूक सगळ्यात जास्त निसटते, पुढचा शब्द काय आहे हे डोळ्यांना आधीच माहीत असतं. मघापासून चार वेळा वाचली असेन ही ओळ. पण मी पॅनेलमध्ये एकदाच टाइप केलं होतं, शपथेवर सांगते!

मध्यरात्रीचा_क्रॉन · रात्री 11:38

एकदाच केलंत, फक्त शेवटचा पूर्णविराम दिला नाहीत.

झोन फाइलमध्ये शेवटी टिंब असेल तर नाव पूर्ण. टिंब नसेल तर ते अपुरं धरतात आणि मागे डोमेन जोडतात. काही पॅनेल टिंब आपणहून लावतात, काही तुम्ही लिहिलंत तसंच पुढे ढकलतात. तुमचं दुसऱ्या जातीचं. ए रेकॉर्डला नावाच्या रकान्यात नुसतं "मेल" लिहिलं असणार, म्हणून तो सुटला.

दुरुस्त करा, पण 86400 कडे बघा. ज्यांनी हा चुकीचा एमएक्स आधीच विचारलाय, त्यांच्या कॅशमध्ये तो पूर्ण दिवस राहू शकतो. तुमच्या मदत केंद्राचे 24 तास इथून आले असतील. त्यावर एक चोरवाट आहे. ते विचित्र दुहेरी नावही तुमच्याच झोनमध्ये पडतं, तेव्हा त्याच नावाचा एक ए रेकॉर्ड घाला, पत्ता मेल सर्व्हरचाच. जुना एमएक्स धरून बसलेले पाठवणारे त्या नावाने आले तरी दार उघडं मिळेल. त्या नावाचाही नकार कुठे कुठे साठला असेल, पण तो तीन तासांत संपतो.

पोर्ट_त्रेपन्न · रात्री 11:44

दुहेरी नावाला ए रेकॉर्ड! भारी आहे, मला नसतं सुचलं. मात्र तो घालण्याआधी डिग करून बघू नका.

उलटा_खिळा · रात्री 1:05

न बघता घातला. हात शिवशिवत होता.

एमएक्समध्ये टिंब दिलं, टीटीएल 3600 केला, मग दोन्ही नेमसर्व्हरांना विचारलं: नाव एकदाच, शेवटी पूर्णविराम. घरच्या रिझॉल्व्हरला 12:54 ला विचारलं तेव्हा एनएक्सडोमेन, आकडा 90 च्या आसपास. 12:56 ला नोएरर आणि नवा पत्ता. बाहेरच्या एका खात्यावरून पाठवलेली मेल आत्ता पोचली. दुसऱ्या खात्यावरची, मघाशी परत आली होती ती, अजून नाही.

मध्यरात्रीचा_क्रॉन · रात्री 1:12

त्या दुसऱ्याच्या कॅशमध्ये दुहेरी नावाचा नकार असेल. मघाशी परत आली ती नक्की किती वाजता?

उलटा_खिळा · रात्री 1:14

10:31. म्हणजे 1:31. जागी आहे.