जपानमधील पाइन आणि लांबशिंगी भुंगेरा : बुंध्याशी भुसा नसतानाही झाड इतक्या लवकर का मरते?

प्रश्न : देवगडकर

नमस्कार. नोकरीनिमित्त मी जपानमधील शिझुओका प्रांतात राहतो. येथील किनाऱ्यावर काळ्या पाइनची जुनी बने असून, त्यांपैकी मिहो नो मात्सुबारा हे बन २०१३ साली फुजी पर्वताबरोबर जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाले. खारे वारे आणि वाळू अडवण्यासाठी ही बने पिढ्यान्‌पिढ्या राखली गेली आहेत. आपल्या कोकणात किनाऱ्यावर सुरू लावतात तसाच हा प्रकार.

येथे दरवर्षी काही झाडे उन्हाळा सरता सरता एकाएकी लाल पडतात आणि त्याचा दोष पाइनच्या लांबशिंगी भुंगेऱ्याला दिला जातो. माझ्या घरी हापूसची बाग असल्यामुळे याच कुळातील भिरूड मला चांगला परिचित आहे. भिरूड लागला की बुंध्याशी भुसा पडतो, छिद्रात तारेचा आकडा घालून अळी ओढून काढता येते आणि वेळीच लक्ष दिले तर कलम वाचते. पाइनच्या बाबतीत मात्र जूनमध्ये हिरवेगार असलेले झाड ऑक्टोबरपर्यंत संपलेले असते आणि लाल पडू लागण्यापूर्वी बुंध्याशी भुसाही दिसत नाही. एवढे मोठे झाड अळी इतक्या थोड्या काळात पोखरू शकते का? आणि लाल पडलेल्या झाडांचे ओंडके हिरव्या ताडपत्रीखाली झाकून ठेवतात, ते कशासाठी?

उत्तर : वनकीटक

आपली शंका रास्त आहे. अळी झाड पोखरते हे खरे, परंतु ती पोखरू लागते तेव्हा त्या झाडाचे मरण आधीच ठरलेले असते. झाड मारणारा जीव वेगळाच आहे. तो सुमारे एक मिलिमीटर लांबीचा सूत्रकृमी असून त्याचे शास्त्रीय नाव बर्साफेलेंकस झायलोफिलस असे आहे. भुंगेरा, म्हणजे मोनोकॅमस आल्टरनेटस, हा त्याचे वाहन आहे.

क्रम असा असतो. मे ते जुलैच्या सुमारास आदल्या वर्षी मेलेल्या पाइनच्या लाकडातून प्रौढ भुंगेरे वर्तुळाकार छिद्र पाडून बाहेर येतात. नराच्या मिशा शरीराच्या दुपटीहून लांब असतात. बाहेर आलेला भुंगेरा लगेच अंडी घालण्याइतका पक्व नसतो. त्यासाठी तो काही आठवडे निरोगी पाइनच्या कोवळ्या फांद्यांची साल कुरतडून खातो. या खाण्याने झाडाचे म्हणावे तसे नुकसान होत नाही, परंतु भुंगेऱ्याच्या श्वसननलिकांमध्ये हजारो, कधी कधी लाखाहून अधिक, सूत्रकृमी दडलेले असतात आणि ते याच वेळी बाहेर पडून कुरतडलेल्या जखमांतून फांदीत शिरतात. झाडात गेल्यावर ते राळवाहिन्यांच्या पेशी खाऊ लागतात आणि उष्ण हवेत त्यांची एक पिढी चार-पाच दिवसांत पूर्ण होते. प्रथम राळ स्रवणे थांबते, मग खोडातील पाणी वाहून नेणाऱ्या ऊतींमध्ये हवा शिरून पाण्याचा प्रवाह तुटतो, आणि वरून हिरवे दिसणारे झाड आतून कोरडे पडते.

यानंतर भुंगेऱ्याची मादी येते. निरोगी पाइनच्या सालीत तिने अंडे घातले तर राळेच्या लोंढ्यात अंडे वा अळी बुडून मरते. म्हणून राळ आटलेले, मरणपंथाला लागलेले झाडच तिला हवे असते आणि अशा झाडातून सुटणाऱ्या वासाने ती ते शोधून काढते. अळी आधी अंतरसाल खाते, नंतर लाकडात शिरून कोषासाठी पोकळी करते आणि तेथेच हिवाळा काढते. भुसा दिसतो तो या टप्प्यावर, म्हणजे सारे हातचे गेल्यावर. वसंतात सूत्रकृमी त्या पोकळीभोवती जमतात आणि नव्या प्रौढाच्या श्वसननलिकांत शिरतात. सूत्रकृमी भुंगेऱ्याला अंडी घालण्याजोगी झाडे तयार करून देतो आणि भुंगेरा सूत्रकृमीला पुढच्या झाडापर्यंत पोहोचवतो, असा हा व्यवहार आहे. आपल्या भिरुडाला असा जोडीदार नाही, त्यामुळे तेथे अळी काढली की प्रश्न बहुतांशी मिटतो. पाइनमधून अळी काढून मात्र काहीच साधत नाही.

ताडपत्रीचे उत्तर यातच आहे. मेलेल्या झाडाचे ओंडके पुढील मे महिन्यापूर्वी जाळले, बारीक तुकडे केले किंवा ताडपत्रीखाली विषारी वायूची धुरी दिली, तर आतील अळ्या मरतात आणि सूत्रकृमींना वाहन उरत नाही. बिव्हेरिया बॅसियाना ही आपल्या शेतकऱ्यांना ठाऊक असलेली बुरशीही जपानमध्ये या भुंगेऱ्याविरुद्ध वापरली जाते.

उत्तर : जुनी_पाने

वरील माहितीला इतिहासाची थोडी जोड देतो. जपानमध्ये अशा मरतुकीची पहिली नोंद १९०५ सालची, नागासाकीची आहे. पुढे सहा दशकांहून अधिक काळ सर्वांची नजर खोडातील किड्यांवरच होती, कारण मेलेले झाड फोडले की तेच समोर येत. १९७१ साली कियोहारा आणि तोकुशिगे या संशोधकांनी निरोगी पाइनमध्ये सूत्रकृमी टोचून झाडे मरतात हे दाखवले, आणि त्यानंतर भुंगेऱ्याची वाहक म्हणून भूमिका स्पष्ट झाली. हा सूत्रकृमी मूळचा उत्तर अमेरिकेचा असून तेथे त्याचे वर्णन १९३४ सालीच झालेले होते. तेथील पाइनच्या जाती त्याच्यासोबत दीर्घकाळ नांदल्यामुळे सहसा मरत नाहीत. जपानच्या लाल आणि काळ्या पाइनला मात्र त्याची कधी ओळखच नव्हती. १९७९ च्या सुमारास, म्हणजे मरतुकीचा कळस झाला तेव्हा, एका वर्षात सुमारे २४ लाख घनमीटर लाकूड बाधित झाले. आज होक्काइदो वगळता देशभर हा रोग पोहोचला आहे. त्याच्यामुळे लाल पाइनच्या मुळांशी येणारी मात्सुताके ही महागडी अळंबीही कमी झाली, ही हानी लाकडाच्या हिशेबात कोणी धरत नाही.

उत्तर : न्हावाशेवा_आयातनिर्यात

हा विषय आमच्या कामात वेगळ्या बाजूने येतो. १९९९ साली हाच सूत्रकृमी पोर्तुगालमध्ये आढळला. तेथे त्याला याच प्रजातीसमूहातील मोनोकॅमस गॅलोप्रोव्हिन्शियालिस हा स्थानिक भुंगेरा वाहक म्हणून मिळाला. जंगलातून जंगलात भुंगेरा उडत जातो, परंतु समुद्र ओलांडण्यासाठी त्याला कच्च्या लाकडाची खोकी आणि पॅलेट पुरतात. म्हणून २००२ साली लाकडी आवेष्टनासाठी आंतरराष्ट्रीय मानक ठरले. त्यातील नेहमीचा उपचार म्हणजे लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस तापमान सलग ३० मिनिटे राखणे. पॅलेटवरील गव्हाच्या लोंबीचे चित्र आणि ‘एचटी’ ही अक्षरे त्याचीच खूण आहेत. तो शिक्का नसेल तर माल बंदरावर अडकतो आणि त्या वेळी आयातदाराला हा नियम कागदी वाटतो. वरील हकिकत वाचल्यावर तसे वाटू नये.

देवगडकर

सर्वांचा आभारी आहे. आणखी एक प्रश्न. घरमालकांच्या अंगणात काळ्या पाइनची दोन झाडे आहेत. त्यांपैकी एकाचा शेंडा सप्टेंबरमध्ये लाल पडू लागला असून दुसरे हिरवे आहे. खोडात औषध टोचून पहिले वाचेल का?

वनकीटक

लक्षणे याच रोगाची असतील तर पहिले वाचणार नाही. खोडात टोचण्याचे औषध प्रतिबंधक असते. ते निरोगी झाडाला हिवाळ्यात देतात, म्हणजे भुंगेरे बाहेर येण्यापूर्वी ते फांद्यांपर्यंत पोहोचते. पाणी वर चढणेच थांबलेल्या खोडात औषधही वर चढत नाही. या औषधांपैकी इमामेक्टिन बेंझोएट आपल्याकडे हरभऱ्यावरील घाटे अळीसाठी फवारतात. ते ज्या रसायनगटातले आहे, त्याचा उगम असलेला जिवाणू आपण राहता त्याच शिझुओकातील मातीत सापडला होता आणि त्या शोधासाठी सातोशी ओमुरा यांना २०१५ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

दुसऱ्या झाडाची परीक्षा आत्ताच करून घ्यावी. जाणकार माणूस सालीत लहान छिद्र पाडून दुसऱ्या दिवशी राळ किती आली ते पाहतो. ती भरपूर असेल तर झाड बहुधा निरोगी आहे आणि त्याला या हिवाळ्यात औषध टोचून घेता येईल. कोरडे निघाले तर तेही गेल्यात जमा. पहिले झाड एप्रिलपूर्वी तोडून घ्यावे, आणि बारीक फांद्यांतही अळ्या असू शकतात म्हणून त्याही वेचून न्याव्यात. त्याचे सरपण मात्र कोणाला देऊ नये. नगरपालिकेच्या वृक्षविभागाला कळवल्यास ओंडक्यांची विल्हेवाट कशी लावायची ते सांगतात. घरमालकांच्या वतीने आपणच फोन केलात तर बरे.