मदत हवी आहे: २४ मिमीचा मुतखडा, मिनी-पीसीएनएल की आरआयआरएस?

वडील ५८ वर्षांचे, मधुमेह, इकोस्प्रिन (रक्त पातळ ठेवणारी ॲस्पिरिनची गोळी) चालू. सीटीत उजव्या किडनीच्या खालच्या कप्प्यात २४ मिमीचा खडा, घनता १,२५० एचयू (सीटीवर घनता मोजायचं एकक; आकडा जास्त तर खडा कठीण). एवढा कठीण खडा शॉकवेव्हने (शरीराबाहेरून दिलेल्या धक्कालहरींनी) सहसा नीट फुटत नाही, फुटला तरी खालच्या कप्प्यातून तुकडे सहज उतरत नाहीत. तो पर्याय बादच. मिनी-पीसीएनएलमध्ये पाठीतून किडनीपर्यंत छोटं छिद्र पाडून खडा काढतात; त्यात रक्तस्रावाचा धोका, पण खडा बहुधा एकाच वेळी साफ. आरआयआरएसला छेद नाही, लघवीच्या मार्गाने दुर्बीण घालून लेझरने खडा फोडतात. मात्र २० मिमीपुढे दुसऱ्यांदा भूल लागू शकते, आणि लेझर लांबला की किडनीतला दाब वाढून जंतू रक्तात शिरू शकतात. मधुमेहात हीच मोठी काळजी, म्हणून लघवीचं कल्चर (जंतूंची तपासणी) आधी करतोय.

सक्शन शीथ (तुकडे आणि पाणी बाहेर खेचणारी नळी) वापरून एवढ्या खड्याचं आरआयआरएस कुणाचं झालंय का? नंतरच्या सीटीत तुकडे किती उरले? डीजे स्टेंट (किडनीपासून मूत्राशयापर्यंत तात्पुरती ठेवलेली नळी) किती दिवस ठेवला? इकोस्प्रिनबद्दल हृदयरोगतज्ज्ञांनी काय सांगितलं?