संकटाच्या काळात ख्रिस्तावरील विश्वासातून शांती मिळते, म्हणजे नेमके काय होते?

प्रश्न

माझ्या पतींना जाऊन अकरा महिने झाले. त्याआधीची दोन वर्षे ते अंथरुणाला खिळलेले होते. रात्री तीन वाजता त्यांना औषध द्यावे लागत असे आणि त्यासाठी मोबाइलवर गजर लावलेला असे. तो गजर मी अजून काढलेला नाही. तो वाजतो, मी उठते आणि आता उठून करण्यासारखे काही उरलेले नाही, हे रोज नव्याने लक्षात येते. उपचारांसाठी काढलेले कर्ज फिटायचे आहे आणि मुलीचे शिक्षण अर्ध्यावर आहे.

मी लहानपणापासून ख्रिस्ती विश्वासात वाढले. दर रविवारी उपासनेला जाते. मंडळीतील माणसे मायेने विचारपूस करतात, पण बोलण्याचा शेवट बहुधा एकाच वाक्याने होतो: "प्रभूवर भार टाका, म्हणजे शांती मिळेल." मी भार टाकण्याचा प्रयत्न मनापासून करते, तरीही छातीवरचे ओझे जागच्या जागीच असते. हल्ली तर प्रार्थनेला बसले की शब्दही सुचत नाहीत. बायबलमधील योहानाच्या शुभवर्तमानातील १४व्या अध्यायात प्रभू येशू आपली शांती शिष्यांना देतो. ती मला मिळत नसेल, तर माझा विश्वास कमी पडतो आहे असे समजायचे का? अशा काळातून गेलेल्यांनी ती शांती कशी असते, हे कृपया सांगावे.

प्रतिसाद १

ताई, ज्या अध्यायाचा तुम्ही उल्लेख केला आहे, तो प्रसंग कोणत्या रात्रीचा आहे हे आठवून पाहा. ते वधस्तंभावर जाण्याच्या आदल्या रात्रीचे, शिष्यांसोबतचे शेवटचे भोजन होते. शांती देण्याचे ते शब्द बोलणारा प्रभू त्याच रात्री गेथशेमाने बागेत जातो, आपला जीव मरणाइतका खिन्न झाला आहे असे तीन शिष्यांना उघडपणे सांगतो आणि आपल्यासोबत जागे राहा अशी विनवणी करतो. ते तिघेही झोपी जातात. शांती देणारा आणि व्याकूळ होणारा एकच आहे, आणि रात्रही एकच आहे. त्यामुळे छातीवर ओझे असणे हा अविश्वासाचा पुरावा आहे, असे कोणी म्हणत असेल, तर ते मला मान्य नाही. तुम्हाला शब्द सुचत नाहीत, याबद्दलही एक सांगावेसे वाटते. त्या बागेत प्रभूने तिसऱ्यांदा प्रार्थना केली, तेव्हा तेच शब्द पुन्हा उच्चारले, असे शुभवर्तमानकार मत्तय लिहितो. त्यालाही नवे शब्द शोधावे लागले नाहीत.

प्रतिसाद २

प्रेषित पौलाने फिलिप्पैकरांस, म्हणजे फिलिप्पै शहरातील ख्रिस्ती लोकांना, लिहिलेल्या पत्रातील ४:७ हे वचन मी अनेक वर्षे पाठ म्हणत होतो, पण त्यातील "राखील" या क्रियापदाकडे माझे कधी लक्ष गेले नव्हते. मूळ ग्रीक शब्द सैनिकी पहाऱ्याचा आहे. फिलिप्पै ही रोमन वसाहत होती आणि तेथे निवृत्त सैनिक वसवलेले होते, त्यामुळे वेशीवरचा पहारा म्हणजे काय, हे वाचणाऱ्यांना समजावून सांगावे लागले नसणार. आणि लिहिणारा स्वतः बंदिवासात होता. देवाची शांती तुमच्या अंतःकरणाची राखण करील, असे तो म्हणतो. शत्रू नाहीसा होईल असे म्हणत नाही.

माझा व्यवसाय बुडाला तेव्हा चार वर्षे मी देणेकऱ्यांच्या फोनला घाबरून जगलो. प्रत्येकाला "पुढच्या आठवड्यात नक्की" असे खोटे सांगत असे. एका संध्याकाळी फोन वाजला, मी तो घेतला आणि "आज माझ्याकडे काहीही नाही, या महिन्यात एवढीच रक्कम देऊ शकेन" असे खरे सांगून मोकळा झालो. हात थरथरत होते, तरीही आत कुठेतरी मी पडणार नाही अशी खात्री होती. मी ज्याला शांती म्हणतो ती एवढीच होती. ती आधी आली आणि मग मी खरे बोललो, की खरे बोलल्यावर ती आली, हे मला आजही सांगता येणार नाही. पौल त्याच अध्यायात पुढे म्हणतो की, आहे त्या स्थितीत समाधानी राहायला मी शिकलो आहे. त्यालाही ते शिकावे लागले, याचा मला फार आधार वाटतो.

प्रतिसाद ३

वरील दोन्ही प्रतिसाद मला पटतात, पण ताईंनी लगेच पौलापर्यंत पोहोचण्याची घाई करू नये असे वाटते. आपल्याकडे उपकारस्तुतीची सवय आहे. विलापाची सवय आपण गमावली आहे. बायबलमधील १५० स्तोत्रांपैकी सुमारे एक-तृतीयांश स्तोत्रे विलापाची आहेत, पण उपासनेत ती क्वचितच ऐकू येतात. १३वे स्तोत्र अवघ्या सहा वचनांचे आहे आणि पहिल्या दोनच वचनांत स्तोत्रकर्ता देवाला "कोठवर?" असे चार वेळा विचारतो. ८८वे स्तोत्र तर अंधारातच संपते. शेवटी दिलाशाची एकही ओळ नाही, तरीही ते पवित्र शास्त्रात आहे आणि ते देवालाच उद्देशून म्हटलेले आहे. माझा मुलगा गेला त्या वर्षी मला तेवढेच एक वाचता येत होते. देवाकडे तक्रार करणारा माणूस देवाकडे तोंड करूनच बोलत असतो. तीन वाजता जाग आली की १३वे स्तोत्र मोठ्याने वाचून पाहा, आणि शेवटच्या दोन वचनांतील भरवसा तोंडून निघत नसेल, तर तेथेच थांबा.

प्रतिसाद ४

मी परिचारिका आहे, म्हणून थोडक्यात लिहिते. बायबलमधील १ राजे या पुस्तकाच्या १९व्या अध्यायात एलीया संदेष्टा झुडुपाखाली बसून मरण मागतो, तेव्हा देवदूत त्याला उपदेश करत नाही; भाकर आणि पाणी देतो, पुन्हा झोपू देतो आणि मग पुन्हा खाऊ घालतो. अकरा महिने मोडलेली झोप शरीराला पोखरते, आणि थकलेल्या शरीराला मनाची शांती जाणवणेही कठीण जाते. ताई, डॉक्टरांना अवश्य भेटा. त्याने विश्वासाला बाधा येत नाही. आणि मंडळीकडे नेमके काय हवे ते मागा. हिशेबाची वही घेऊन एक तास सोबत बसणारे माणूस हवे असेल, तर तसे स्पष्ट सांगा. मुले, संपत्ती आणि आरोग्य गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ मुकाट्याने बसले होते, तेव्हाच ते त्याच्या सर्वांत जास्त उपयोगी पडले असे मला नेहमी वाटते.

प्रश्नकर्तीचे उत्तर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. डॉक्टरांची वेळ घेतली आहे आणि हिशेबाबद्दल आमच्या पाळकांशी बोलले आहे. काल रात्री गजर वाजला तेव्हा १३वे स्तोत्र मोठ्याने वाचायला घेतले. दुसऱ्या वचनावर माझा आवाज बसला. मुलगी आतल्या खोलीत जागीच होती, हे मला ठाऊक नव्हते. ती येऊन शेजारी बसली, माझ्या हातातून पुस्तक घेतले आणि उरलेली चार वचने तिने वाचली. त्यानंतर आम्ही दोघी तिच्या वडिलांविषयी बऱ्याच महिन्यांनी बोललो. गजर मी सध्या काढणार नाही. १३व्या स्तोत्रानंतर कोणते वाचावे, हे तिसरा प्रतिसाद लिहिणाऱ्यांनी कृपया सांगावे. मुलीनेही विचारले आहे.