मदत हवी आहे: आधी रिअल अ‍ॅनालिसिस की लिनिअर अल्जेब्रा?

स्वतःच गणित शिकतोय, रोज तासभर. एका चलाचं कॅल्क्युलस झालंय. पुढे मेझर थिअरीवर (लांबी, क्षेत्रफळ यांसारखी मापं काटेकोरपणे मांडणारी शाखा) आधारलेली प्रोबॅबिलिटी शिकायची आहे, म्हणून कॅल्क्युलसमागच्या काटेकोर सिद्धता शिकवणाऱ्या रिअल अ‍ॅनालिसिसला हात घातला आणि एप्सिलॉन-डेल्टापाशी (मर्यादा आणि सातत्य यांची काटेकोर व्याख्या) अडलो. एक्सचा वर्ग २ पाशी सतत (कंटिन्युअस) आहे हे दाखवताना डेल्टा म्हणजे १ आणि एप्सिलॉन भागिले ५ यांतला लहान, हे वाचून पटतं. पण कोरा कागद घेतला की ते ५ सुचतच नाही. उत्तरं झाकून सिद्धता लिहून पाहिल्या, फरक पडला नाही. मॅट्रिक्सची आकडेमोड येते, व्हेक्टर स्पेस (लिनिअर अल्जेब्राचा अमूर्त पाया) केलेल्या नाहीत. परीक्षेची घाई नाही, पण तपासून देणारंही कुणी नाही. आधी सिद्धतांसह लिनिअर अल्जेब्रा करू, की असमानतांचा सराव करत अ‍ॅनालिसिसच नेटाने पुढे रेटू?